पाहुण्यांसाठी आणलेला मायक्रोस्कोप

शैलाताई,

मागच्या आठवड्यात पाहुणे येऊन गेले. तेच, अनुदानवाले. तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता की पोह्यांवर भुरभुरायला जिरावण होतं का. होतं. शेव होती, आणि जलेबी गावातल्या बायकांनी न सांगता आणली. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, त्यामुळे शाळेच्या दारात रांगोळी काढायची की नाही यावरून त्यांच्यात सकाळी कुजबुज चालली होती. शेवटी मीच म्हटलं, काढा. काढली नसती तर तुम्ही जिथे असाल तिथून रागावला असता, आणि तुमचा राग मला या जन्माला पुरेल एवढा आधीच मिळालेला आहे.

तुमच्याबद्दल लोकांना जे बोलायचं होतं ते शोकसभेत बोलून झालं. हिंदी-संस्कृतच्या आदर्श शिक्षिका, शिस्तप्रिय, मितभाषी. एक गृहस्थ म्हणाले, शैला मैडम का जीवन में कभी किसी से विवाद नहीं हुआ. मी मागच्या रांगेत बसले होते. तोंडाला रुमाल लावला, शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. हसू आलं होतं हो, ताई. मग हसता हसता खरंच रडू आलं आणि रुमाल कामी आला. तुम्ही माझ्याशी रोज भांडायचा. इंदूरला बड़ा गणपतीच्या कोपऱ्यावर व्हॅनमध्ये बसल्यापासून ते हातोदच्या पुढे आपल्या गावाचा फाटा येईपर्यंत. अप-डाउन करणाऱ्या बाकीच्या मास्तरणी त्या वेळात झोप काढायच्या, मटार सोलायच्या, आणि आपण दोघी मागच्या सीटवर खिडकीशी बसून जगाचे प्रश्न सोडवायचो. आता ती सीट माझ्या एकटीच्या वाट्याला आली आहे. मी पर्स शेजारी ठेवते, म्हणजे कुणी बसणार नाही.

या सगळ्याची सुरुवात तुम्हीच केलीत, हे मला एकदा नीट सांगायचं आहे, कारण शाळेत सगळे समजतात की अनुदानाचं खूळ माझं. विज्ञान मी शिकवते, म्हणून खूळही माझंच. पण मी रजेवर होते त्या दिवशी सातवीचा माझा तास तुम्ही घेतलात. पोरं एका सुरात पाठ म्हणत होती, कोशिका जीवन की मूलभूत इकाई है. आणि रानूने हात वर केला. शेवटच्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची रानू, जिला बाकीचे मास्तर उद्धट म्हणतात. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये तुम्ही मला तिची नक्कल करून दाखवलीत: "मैडम, ये कोशिका सच में होती है कि बस परीक्षा में आती है?"

तुम्ही खूप हसलात. मीही हसले. मग एअरपोर्टची भिंत आली तिथे तुमचं हसू थांबलं.

"मीनल, खरं सांगू का? मला पण माहीत नाही गं. मी आपली बीए वाली. पेशी असते असं ऐकून आहे."

"असते ताई."

"तू बघितली आहे?"

"कॉलेजात. कांद्याच्या पापुद्र्याची. विटांच्या भिंतीसारखी दिसते."

"मग दाखव ना. त्या पोरीला दाखव आणि मला पण दाखव. एवढी वर्षं झाली नोकरीला, बिना बघितल्याच जाणार का मी?"

कशाने दाखवणार होते? आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एक चुंबक, तडा गेलेली परीक्षानळी आणि पालीची अंडी, एवढाच काय तो ऐवज. वर कळवून झालं होतं, पुन्हा कळवून झालं होतं. शेवटी तुम्हीच कुठून तरी बातमी आणलीत की एक संस्था आहे, ती सरकारी शाळेतल्या शिक्षकांना थेट अनुदान देते. शिक्षकाने स्वतः अर्ज करायचा, सोबत शाळेतल्या आणखी एका शिक्षकाचं नाव द्यायचं, मग ते लोक पाहणीला येतात आणि ठरवतात. आपण एक खोली मागायची ठरवली. म्हणजे खोली आहेच, तिच्यात टेबलं, पाण्याचा नळ, कुलपाचं कपाट आणि मुलांना हात लावता येईल असे मायक्रोस्कोप.

बड़े सरांकडे सहीला गेलो तेव्हा आपले मुख्याध्यापक जे बोलले ते तुम्ही पुढे कितीदा म्हणून दाखवलंत: "मैडम, इस पचड़े में मत पड़ो. ग्रांट आई तो ऑडिट आएगा, नहीं आई तो हँसी होगी." तुम्ही म्हणालात, सर, हँसी तो वैसे भी हो रही है. त्यांनी मुकाट सही केली.

आणि मग ती पहिली पाहणी. ताई, त्या दिवसाबद्दल आपण एवढं भांडलो आहोत की त्याची गंमत सांगायची राहूनच गेली.

माझ्या लेखी ते तपासायला येणारे लोक होते. तुमच्या लेखी पाहुणे. पाहुणे म्हटल्यावर तुमच्यातली इंदूरची बाई जागी झाली. आदल्या दिवशी शाळा धुऊन काढलीत. तुटक्या खुर्च्या स्टोअरमध्ये. सहावीच्या भिंतीला जो तडा आहे त्याच्यावर भारताचा नकाशा, आणि तो पुरला नाही म्हणून खाली जगाचा. सरपंचांच्या घरून सोफा आला, बायकांनी घरोघरच्या दऱ्या आणल्या. इथपर्यंत मी गप्प होते. मग तुम्ही हातोदच्या खासगी शाळेच्या संचालकांना फोन केलात. मेहमान आ रहे हैं सर, गाँव की इज्जत का सवाल है, एक दिन के लिए माइक्रोस्कोप दे दीजिए. गावच्या इज्जतीचा सवाल म्हटल्यावर माळव्यात कोण नाही म्हणणार? त्यांनी मायक्रोस्कोप तर दिलाच, वर आपण न मागता मानवी सांगाडाही धाडला. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. तो सांगाडा मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून आला, डोक्याला ऊन लागू नये म्हणून की काय त्याला गमछा गुंडाळलेला. अर्धं गाव मागे धावत होतं. मी तुम्हाला म्हटलं, ताई, हे आपण काय करतोय? आपण मागायला बसलोय ना?

तुम्ही म्हणालात, "मागायचं म्हणून काय घर झाडायचं नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

पाहुणे आले. एक प्रौढ गृहस्थ आणि एक चष्मेवाली मुलगी, हातात टॅब घेऊन फोटो काढत फिरणारी. सोफ्यावर बसले, दाल-बाफले जेवले, गृहस्थांनी पट्टा सैल केला. जाताना मुलगी म्हणाली, इतना सुंदर सरकारी स्कूल हमने नहीं देखा. तुमचा चेहरा काय फुलला होता! आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं की शाळेत विज्ञानाची पुरेशी साधनं असल्याचं पाहणीत दिसलं, तेव्हा ज्यांना जास्त गरज आहे अशा शाळांचा आधी विचार केला जाईल.

मी व्हॅनमध्ये ते उत्तर मोठ्याने वाचलं. मटार सोलणाऱ्या बायकाही थांबल्या.

"घ्या," मी म्हटलं. "मूठ झाकली म्हणून त्यांना वाटलं आत काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलात. त्याच्या पुढच्या दिवशीही. ड्रायव्हर भियाने मला आरशातून विचारलं, मैडम, आप लोगों में कुट्टी हो गई क्या? मी म्हटलं, गाड़ी देख के चलाओ भिया. मला राग आला होता आणि तो खरा होता, त्याबद्दल मी आजही माफी मागणार नाही. पण तुमच्याशिवाय तो रस्ता फार लांब आहे, हेही मला तेव्हाच कळलं. ते तुम्हाला सांगितलं नाही. आता रोज कळतं.

मग एका सोमवारी तुम्ही मागच्या सीटवर येऊन बसलात, पर्समधून शेवेची पुडी काढलीत आणि म्हणालात, "पुन्हा भरायचा. टेन्शन नको घेऊ. अपन भरू." बस, एवढंच. संस्थेचा नियम होता की नाकारलेल्या शाळेला आणखी एकदाच अर्ज करता येतो. म्हणजे ही शेवटची संधी. आता चुकून चालणार नव्हतं, आणि नेमकं चूक कशाला म्हणायचं यावर आपलं एकमत नव्हतं.

मी ठरवलं होतं की या वेळी सगळं उघडं दाखवायचं. तड्याचा फोटो काढला, रिकाम्या कपाटाचा काढला, आणि पाठ म्हणणाऱ्या पोरांचा काढला, त्यात रानूचे अनवाणी पाय आले होते. तुम्ही माझा मोबाइल हातात घेतलात, फोटो बघितलेत आणि तो पायांचा फोटो माझ्यादेखत उडवलात. मी अशी काही चिडले!

"ताई, हाच फोटो चालणार होता."

"म्हणूनच उडवला. पोरीच्या पायांवर आपण काहीतरी मागणार? तुझ्या मुलीचा असा फोटो कुणी काढला असता तर?"

"मग काय लिहू? शाळा छान आहे, पोरं छान आहेत, तरी द्या?"

"हो. असंच लिही. खरंच आहे ते. सगळं उघडं करून बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"आणि झाकून बसलो त्याचं काय झालं?"

"तो सांगाडा मी नव्हता मागितला."

हे भांडण किती दिवस चाललं ते मोजायला नको. माझ्या मसुद्यात जिथे जिथे "अभाव" होता तिथे तिथे तुमची लाल शाई. साधनों का अभाव, सुविधाओं का अभाव. तुम्ही म्हणायचा, हा शब्द हिंदीच्या पेपरात लिही, माझ्या पोरांवर चिकटवू नको. मी म्हणायचे, शब्द खोडून वस्तू येत नाहीत. आणि तुम्हाला वाद संपवायचा असला की तुम्ही मराठी सोडून हिंदीत शिरायचा: "चलो, कल देखते हैं." ते वाक्य आलं की समजायचं, आज दुकान बंद.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा दवाखान्यातही मी मोबाइलवर मसुदा घेऊनच आले. लोक फळं नेतात, मी अर्ज नेला. तुम्ही आधी मला तिथलंच एक केळं खायला लावलंत, मग म्हणालात वाच. मी वाचत गेले. एका चौकोनाशी आलो, त्यात लिहायचं होतं की तुमच्या विद्यार्थ्यांची आजची स्थिती काय आहे. माझं वाक्य तुम्ही अर्ध्यावर थांबवलंत. मला वाटलं, आला अभाव. पण तुम्ही भलतंच बोललात.

"त्या दिवशी तो मायक्रोस्कोप टेबलावर होता ना, रानू आली होती जवळ. म्हणाली, मैडम, एक बार? मी म्हटलं, बेटा, उधार की चीज़ है, टूट गई तो? तिने हात मागे घेतले. दिवसभर तिथे होता गं तो. कुणीच नाही बघितलं. मी पण नाही."

मी म्हटलं, ताई, चौकोनात काय लिहू ते सांगा. तेवढ्यात नर्स आली, भेटीची वेळ संपली. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "चलो, कल देखते हैं."

तुमच्या घरी बसायला आले तेव्हा तुमच्या चपला दाराशी तशाच होत्या. मी बाकी सगळ्यांसारखी चहा प्यायले, खाली बघत बसले. खरं सांगते, मला तुमचा राग आला होता. वाद अर्धा टाकून कुणी जातं का? परत येताना सिग्नलपाशी रडले, ती त्या रागानेच. मग घरी जाऊन अर्ज उघडला, कारण शेवटची तारीख जवळ आली होती आणि तारखेला कुणाच्या सुतकाशी घेणं-देणं नसतं.

अडचण अशी होती की दुसऱ्या शिक्षकाच्या जागी तुमचं नाव होतं. मी संस्थेत फोन केला. त्या बाई फार चांगलं बोलल्या, मग म्हणाल्या, मैम, दूसरा नाम तो देना पड़ेगा. शाळेत कोण देणार नाव? गणिताच्या सरांनी बदलीचा अर्ज केलेला, बाकीच्यांनी मान फिरवली. मी स्टाफरूममध्ये तुमच्या खुर्चीसमोर बसून होते, तर बड़े सर आले. चष्मा पुसत उभे राहिले.

"दूसरा नाम मेरा डाल दो."

"सर, पचड़ा है."

"शैला मैडम होतीं तो पूछतीं भी नहीं, सीधे लिख देतीं." आणि ते बाहेर जाऊन पोरांवर ओरडायला लागले. ताई, बड़े सरांचं नाव त्या जागी टाइप करताना मला तुमचं पुसावं लागलं. ते काम मी केलं, पण पुन्हा कुणी करायला सांगू नये.

राहिला चौकोन. त्यात मी रानूचा प्रश्न लिहिला, तिच्याच शब्दांत, आणि खाली एवढंच की आमच्या शाळेत याचं उत्तर दाखवता येत नाही, आम्हाला ते दाखवायचं आहे. अख्ख्या अर्जात अभाव नाही. पायांचा फोटो नाही. तड्याचा मात्र आहे, त्यावर तुम्ही कितीही रागावा. तेवढं मी माझं राखलं.

पाहणीचा दिवस ठरला आणि लगेच हातोदच्या संचालकांचा फोन आला. मैडम, सुना मेहमान आ रहे हैं, सामान भिजवा दूँ? कंकाल भी खाली है. मी म्हटलं, नहीं सर, इस बार उनको आराम करने दीजिए. शाळा आम्ही झाडली, धुतली, रांगोळी झाली, कारण त्यात तुमचं बरोबरच होतं. घर झाडून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण सहावीतले दोन्ही नकाशे मी स्वतः काढले. बायका म्हणाल्या, "मैडम, दरार दिख री है." मी म्हटलं, दिखने दो.

तीच चष्मेवाली मुलगी आली, सोबत दुसरे एक गृहस्थ. बोलणं नीट चाललं होतं. मग तिने टॅबवर जुने फोटो काढले, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "पिछली बार यहाँ माइक्रोस्कोप था ना? फोटो में दिख रहा है. वो कहाँ गया?"

ताई, पोह्यांचा चमचा कुणाच्या तरी हातात तसाच राहिला. बड़े सर घसा साफ करून म्हणाले, "वो ज़रा रिपेयर में..." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, ते तुम्हालाच सांभाळत होते. त्यांच्या बोलण्याला हो म्हणणं किती सोपं होतं! तुमचं नाव झाकलं राहिलं असतं. खरं सांगितलं तर ही माणसं समजणार की गेल्या वेळी आपण फसवलं, आणि फसवणारी म्हणून तुमचं नाव राहणार, आणि तुम्ही उत्तर द्यायला इथे नाही. शेवटची संधी, आणि वर हे.

"नहीं सर," मी म्हटलं. "वो हमारा था ही नहीं."

मग सगळं सांगितलं. माझ्या घाईघाईच्या हिंदीत, उभ्याउभ्या. म्हटलं, आमच्याकडे पाहुणे आले की शेजारचे चांगले कप मागून आणतात, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. शैला मैडमना तुम्ही पाहुणे वाटलात, म्हणून त्यांनी आणला. पाहणी करणाऱ्यांपुढे असं करू नये हे त्यांना पटलं नव्हतं, आणि ते पटवण्यात माझं वर्ष गेलं. त्या आता नाहीत. तुम्हाला जो काय निर्णय घ्यायचा तो घ्या, पण त्यांनी फसवलं असं लिहू नका.

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. अर्थात रानू. आता आठवीत आहे, वेण्या तशाच आहेत.

"मैडम, उस दिन भी नहीं देखने दिया था."

सगळी पोरं तिच्याकडे वळली. चष्मेवालीने विचारलं, "क्या देखना था?"

"कोशिका. होती है कि नहीं."

ती मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अच्छा. तो वो सवाल तुम्हारा है." आणि टॅब बंद करून बाकावर रानूशेजारी जाऊन बसली. काय बोलल्या दोघी ते मला ऐकू आलं नाही. जाताना त्यांनी काहीच कबूल केलं नाही, आधी सगळ्या शाळा बघून होतील, मग कळवू म्हणाले. पोहे मात्र दोघांनी दुसऱ्यांदा घेतले.

मी थकून व्हॅनमध्ये बसले. हातोद आलं तशी गाडी हळू झाली आणि ड्रायव्हर भियाने आरशातून विचारलं, "मैडम, सामान नहीं छोड़ना क्या? पिछली बार तो हड्डीवाले बाबा को अपन ही छोड़ने गए थे."

"इस बार कुछ लाए ही नहीं, भिया," मी म्हटलं.

आणि म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई, आपण दोघी एवढ्या हुशार! वर्षभर भांडलो. झाकायचं की दाखवायचं, अभाव लिहायचा की नाही. पाहुण्यांसाठी एका फोनवर मायक्रोस्कोप आणला होता आपण. पोरांसाठी मागावा हे तुमच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही नाही. पाहुण्यांसाठी कप मागतो तशी घरच्या पोरासाठी वाटीभर साखरही मागतोच ना आपण शेजारी?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हातोदला उतरले आणि संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"कब चाहिए? कौन आ रहा है?" त्यांनी विचारलं.

"कोई नहीं आ रहा सर. बच्चे देखेंगे."

ते जरा घुटमळले. हाथ लगाएँगे? हो म्हटलं, लगाएँगे. टूट गया तो? मी म्हटलं, तो मैं भरूँगी. त्यांनी थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवली, मग शिपायाला हाक मारली. सांगाड्याचंही विचारलं, नको म्हटलं.

शनिवारी तो आपल्या व्हॅनमधून आला, गमछ्यात गुंडाळून, तुमच्या सीटवर. पर्स मी मांडीवर घेतली. वर्गात कांदा चिरला, पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवून मेडिकलमधून आणलेल्या आयोडीनचा थेंब टाकला. खिडकीपाशी टेबल ओढलं. पोरांना सांगितलं, हात लावा, न घाबरता लावा. रांग दाराबाहेर गेली, बड़े सरही रांगेत होते. पहिला नंबर कुणाचा यावर कुणी वाद घातला नाही.

रानूने डोळा लावला. मी तिला चाक कसं फिरवायचं ते दाखवलं आणि मागे झाले. ती बराच वेळ हललीच नाही. मागची पोरं ढकलायला लागली, कर ना, हट ना. ती तशीच वाकलेली.

मग डोळा न काढताच म्हणाली, "मैडम. होती है."

अनुदानाचं उत्तर अजून आलेलं नाही. हो आलं तर खोली होईल. नाही आलं तर मी दुसरीकडे भरीन, तिसरीकडे भरीन, आणि तोवर महिन्यातून एक शनिवार हातोदवाल्यांच्या दारात जाऊन उभी राहीन, तसं त्यांना सांगून आले आहे. सगळी पोरं बघून गेल्यावर मी शेवटी डोळा लावला. विटांच्या भिंतीसारखी दिसते असं मी तुम्हाला म्हटलं होतं, ते तितकंसं बरोबर नाही. पिवळसर असते, कडा जराशा वाकड्या, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. तुम्हाला बघायची होती ना?

असते, ताई.